आठ नंबरच्या गाडीचा उरलेला तुकडा

ऑर्लो बीमन आमच्या कंपनीत पहिल्या चार वर्षांत अकरा वेळा मेला आणि अकरा वेळा जिंकला. बहुतेक वेळा ही दोन्ही कामं तो एकाच दिवशी उरकायचा, जेवणाच्या सुट्टीआधी जिंकायचा आणि सुट्टीनंतर मरायचा. एवढं करूनही त्याचं नाव कधी पडद्यावर आलं नाही, आणि तोंड तर आलंच नाही.

मी व्हर्ना. लार्कस्पर पिक्चर्समध्ये सिनेमे कापायचं आणि जोडायचं काम माझ्याकडे होतं. गॉवर स्ट्रीटवर एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी. उन्हाळ्यात खालून वाफ यायची आणि माझ्या टेबलावर फिल्मच्या पट्ट्या घामेजून एकमेकींना चिकटायच्या. मोठ्या स्टुडिओतली माणसं आमच्या गल्लीचं नाव निघालं की नाक मुरडायची. मुरडू देत. ते एक सिनेमा काढायचे तेवढ्यात आम्ही सहा काढायचो, आणि त्यातला एखादा तरी बघण्यासारखा असायचा.

आमचे मालक मिस्टर लुब्लिनर. बोलपट आल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, "लोकांना आता आवाज हवाय. नटाला आवाज काढायला पगार द्यावा लागतो, मोटार फुकट काढते." म्हणून वर्षाला दोन-तीन सिनेमे मोटारशर्यतीचे. गोष्ट ठरलेली. गरीब मेकॅनिक, गॅरेजवाल्याची मुलगी, चाकाचा नट ढिला करणारा मिशीवाला, शेवटी शर्यत, मिशीवाला कुंपणावर, मेकॅनिक पहिला. नावं तेवढी बदलायची. एकदा तीही बदलायची राहिली, तर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गाड्या आमच्याकडे मोजून चार. त्यांच्यावर पाण्यानं धुतला जाणारा रंग लावून नंबर घालायचे, एक फेरी झाली की पुसायचे आणि दुसरे घालायचे. अशा चाराच्या बारा गाड्या व्हायच्या. ट्रॅक म्हणजे लुब्लिनरांच्या मेव्हण्याचं बीटचं शेत. आणि वेग? चालवणाऱ्यानं पस्तीस मैलांनी चालवायचं आणि कॅमेऱ्यातली फिल्म सावकाश फिरवायची, म्हणजे पडद्यावर त्याच गाड्या सत्तरच्या वेगानं सुटतात. ही आमची सगळी जादू. माझ्या भावाला ती कळली तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता.

पण अपघात काही पस्तीस मैलांनी होत नाही. तो खरा लागतो. लुब्लिनरांनी तो जुन्या बातमीपटातून विकत घेतला होता. कॅन्ससमधल्या कुठल्याशा जत्रेची शर्यत, आठ नंबरची गाडी वळणावर घसरते, तीन कोलांट्या खाते, कुंपण मोडते, आणि धूळ. म्हणून आमच्या प्रत्येक सिनेमात मिशीवाल्याची गाडी आठ नंबरचीच. ज्या सिनेमात लाज वाटे त्यात मी तो तुकडा उलटा करून छापून घ्यायचे, म्हणजे गाडी डावीकडून घसरण्याऐवजी उजवीकडून घसरे. इंग्रजी आठाचा आकडा उलटा केला तरी आठच राहतो. देवाची कृपा, ती गाडी सात नंबरची नव्हती.

हा तुकडा पहिल्यांदा आला त्या दिवशी आम्ही तो भिंतीवर लावून बघत होतो. ऑर्लो तेव्हा कंपनीत नुसता मेकॅनिक होता. तो दारात कॉफीचा मग घेऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "हा मी आहे."

"कोण तू?" लुब्लिनर.

"आत गाडीत. सव्वीस साल. हे बघा आता पाय मोडेल... मोडला."

आम्ही सगळे वळून त्याच्या पायाकडे बघायला लागलो. लुब्लिनर मात्र खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुला गाडी चालवता येते! आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

तेव्हापासून ऑर्लो आमचा चालक झाला. हिरो लायल फेनविक याला गाडी मागेसुद्धा घेता यायची नाही, त्यामुळे लांबून दिसणारा हिरो ऑर्लो. मिशीवाला तर खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर व्हायला निघाला होता, म्हणून लांबून दिसणारा मिशीवालाही ऑर्लो. गॉगल, टोपी आणि तोंडाला धूळ. अडचण एकच होती. आयोवातल्या शेतावर नवव्या वर्षी मक्याचे दाणे काढायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची अनामिका अर्धी गेली होती. पण हातमोज्यात कापूस कोंबला की झालं.

दुसरी अडचण म्हणजे त्याची आई.

कॅन्ससच्या अपघातानंतर तो चार महिने इस्पितळात होता. घरी गेल्यावर आईनं त्याला कुबड्यांसकट बायबलसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली की पुन्हा शर्यतीत उतरणार नाही. त्यानं घेतली. "आणि मी ती मोडलेली नाही," असं तो मला नेहमी सांगायचा. "शर्यत म्हणजे कोण जिंकणार ते माहीत नसतं ती. आपल्याकडे ते टाईप करून येतं."

"मग हे आईला सांगून टाक की."

"तू माझ्या आईला ओळखत नाहीस."

त्यानं आईला कळवलं होतं की तो सिनेमात सुतारकाम करतो. चार वर्षं हे छान चाललं. चौतीसच्या ऑगस्टमध्ये आईचं पत्र आलं की गाई शेजाऱ्याकडे सोपवल्या आहेत, तीन दिवसांचा बसचा प्रवास करून येते आहे, आणि तू केलेलं काम मला पडद्यावर बघायचंय.

ऑर्लो पत्र घेऊन माझ्या खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"तिला कळलं तर ती मला कानाला धरून घरी नेईल, व्हर्ना."

"एक्केचाळीस वर्षांचा घोडा झालास."

"नेईल. आणि मी जाईन. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तर मला जगता येणार नाही. आणि हे काम सोडलं तरी मला दुसरं काही येत नाही. सांग, मी काय करू?"

त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याची दया आली आणि माझं तोंड नको तितकं सैल सुटलं. "सोड रे. शनिवारी ग्लेनडेलला आपला नवा सिनेमा लागतोय, दुपारचा खेळ. त्यात गॅरेजचा दरवाजा आहे, तोच तू केलास म्हण. बाकी गॉगल आणि धूळ. फ्रेम न् फ्रेम माझ्या हाताखालून गेलीय. तुला प्रत्यक्ष देवदूतही ओळखायचे नाहीत. अपघातसुद्धा या वेळी उलटा लावलाय."

मिसेस पर्मेलिया बीमन गुरुवारी उतरल्या. उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, डोक्यावर काळी हॅट, हातात एक पेटी आणि कलिंगडाच्या सालींच्या लोणच्याच्या चार बरण्या. एक मला दिली. "तुम्ही त्याला जेवायला घालता असं त्यानं लिहिलं होतं."

"कधीकधी, मिसेस बीमन."

"मग अजून घाला. गळ्याची हाडं दिसतायत त्याच्या."

शनिवारी आम्ही तिघं ग्लेनडेलला गेलो. थिएटर पोराटोरांनी भरलेलं, सगळीकडे शेंगदाण्यांच्या टरफलांचा खच. आई मधे, एका बाजूला ऑर्लो, एका बाजूला मी. त्यांनी पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या आणि दातांनी फोडत बसल्या.

दरवाजा आला. "हा बघ आई, हा माझा."

त्यांनी नीट पाहून घेतलं. "वरची बिजागरी वाकडी बसलीय. तुझ्या बापानं असला दरवाजा कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा लावला नसता."

"घाईत केला, आई."

मी अंधारात हसत होते. तेवढ्यात शर्यतीची वेळ झाली. हिरोनं आपले हातमोजे काढून गॅरेजवाल्याच्या मुलीला दिले, शकुन म्हणून. हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आलेलं, आणि ते मी शंभर वेळा पाहिलं होतं. मग हिरो गाडीत बसला, आणि पडद्यावर फक्त त्याचा हात आला, गिअरवर. उघडा हात. दहा फूट उंच. चार बोटं धड, आणि अनामिका अर्धी.

फेनविकला गिअर टाकता येत नव्हता. म्हणून तो हात ऑर्लोचा घेतला होता. गिअर कुठल्या बाजूला ढकलला जातो, एवढंच मी दर वेळी बघत आले. दिग्दर्शकानं बघितलं नाही, कॅमेरावाल्यानं नाही, लुब्लिनरांनी नाही. मागच्या दृश्यात त्याच हिरोनं पाचही बोटांनी मुलीचा गाल कुरवाळला होता. आख्ख्या थिएटरात एकाही पोराला ते दिसलं नाही.

माझ्या शेजारी गोळी फोडायचा आवाज थांबला.

 मिसेस बीमननी अंधारात ऑर्लोचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट चाचपून बघितलं. चौथ्याशी त्या थांबल्या. मग त्यांनी तो हात घट्ट धरून ठेवला. ऑर्लो पुतळा होऊन बसला होता.

"आई, ते..."

"गप्प बस. बघू दे मला."

गाड्या सुटल्या. सत्तरच्या वेगानं, म्हणजे दिसायला. आवाज तर असा की खुर्च्या हादरत होत्या. त्यांनी हिरोची गाडी पाहिली, मग मिशीवाल्याची, आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "दोन्ही तोच आहे. मान बघा. पोरवयात दुधाची गाडी हाकतानाही हा असाच मान पुढे काढून बसायचा. बदकासारखी."

आणि तेवढ्यात आठ नंबरची गाडी घसरली.

मी तो तुकडा इतक्या वेळा हाताळला होता की तो मला चहाच्या कपासारखा झाला होता. पण त्या दिवशी तो मी मिसेस बीमनच्या शेजारी बसून पाहिला. मूळ फिल्म मुकी, आवाज आम्ही नंतर घातलेला. रिकाम्या बाटल्यांचे दोन खोके आणि पत्र्याचे ट्रे आम्ही लाँड्रीच्या जिन्यावरून खाली सोडले होते. गाडीनं पहिली कोलांटी खाल्ली आणि म्हातारी ताडकन उभी राहिली.

"ऑर्लो!" ती ओरडली. "ऑर्लो! बाहेर पड! बाहेर ये त्यातून!"

ऑर्लोचा हात अजून तिच्या मुठीत होता. "आई, मी इथे आहे. आई, बघ ना, इथे आहे मी."

तिला ऐकूच येत नव्हतं. ती पडद्याकडे बघून हाका मारत होती. धूळ उडाली, चित्र बदललं, हिरो जिंकला. पोरं टाळ्या पिटत होती आणि आमच्याकडे बोटं दाखवून हसत होती. एकानं टरफलं फेकली. मी उठून त्याला असा दम भरला की तो आपल्या थोरल्या भावाच्या मागं लपला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला कोणावर तरी चिडायचं होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. मिसेस बीमननी हॅट सरळ केली, ऑर्लोकडे वळल्या आणि त्याच्या थोबाडीत मारली. ती मारायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

"उद्याच्या बसची दोन तिकिटं काढ."

"आई, पस्तीस मैल फक्त! शपथेवर सांगतो..."

"शपथेचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

"आणि तो अपघात जुना आहे, तेव्हाचाच."

"माहीत आहे मला!" त्यांनी पर्स उघडली, छोटं बायबल काढलं आणि त्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण. चारही घड्यांवर फाटलेलं. त्यात आठ नंबरची गाडी उलटी पडलेली, मोडकं कुंपण, आणि माणूस एकही नाही. "तारेत चारच शब्द होते. जखमी आहे. जिवंत आहे. माझ्या चार गाई व्यायला झालेल्या, मला निघता येईना. आठ वर्षं मी हे बघतेय. तुला कुबड्यांवर दारात उभं बघितलं तरी माझ्या मनात तू याच्याच खाली आहेस. आणि तू पैसे घेऊन लोकांना हेच दाखवतोस?"

ऑर्लो रस्त्याकडे बघत राहिला. "काढतो तिकिटं," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर चूक माझी होती, बोट नजरेतून सुटलं तीसुद्धा. पण मला त्या क्षणी बोट आठवलं नाही. मला माझ्या खोलीतला खिळा आठवला. जे तुकडे सिनेमात लागत नाहीत ते मी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगून ठेवते. पेटणारी फिल्म अशी ठेवू नये म्हणून लुब्लिनर माझ्यावर ओरडतात, आणि तरी मी ठेवते.

"मिसेस बीमन," मी म्हणाले, "तिकिटं काढायच्या आधी दहा मिनिटं माझ्याबरोबर चला. मी कात्री चालवते. मी काय कापते ते तुम्ही बघायलाच हवं."

त्या माझ्याकडे रागानंच बघत होत्या, पण आल्या. लाँड्रीचा जिना चढल्या. माझ्याकडे एक यंत्र होतं, त्यात पट्टी घातली की तळहाताएवढ्या काचेत चित्र हलतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि आठ नंबरची गाडी लावली. ऑर्लो दारातच उभा राहिला.

"इथे धूळ येते," मी म्हणाले. "इथे मी दर वेळी कापते. मिशीवाल्याला मरावं लागतं ना, म्हणून. पण बातमीपटवाल्याचा कॅमेरा इथे थांबला नव्हता." आणि मी खिळ्यावरचा चोवीस फुटांचा तुकडा काढून लावला.

धूळ खाली बसते. एक चाक हवेत फिरतंय. मग कुंपणाच्या फळ्यांखालून एक माणूस हातांवर सरपटत बाहेर येतो. उभा राहतो, पडतो, फळीला धरून पुन्हा उभा राहतो. डोक्यावरची टोपी काढतो. लोक पळत येतात, आणि तो त्यांना काहीतरी सांगतो. संपलं. सोळा सेकंद.

मिसेस बीमन काचेवर इतक्या वाकल्या होत्या की हॅट यंत्राला लागत होती.

"परत."

मी परत लावलं. खालच्या लाँड्रीतली वाफ वर येत होती आणि यंत्र खरखरत होतं. त्यांनी सात वेळा बघितलं. सातव्यांदा त्यांनी काचेवर बोट ठेवलं, त्या माणसाच्या तोंडावर.

"हा काय बोलतोय?"

मी दाराकडे बघितलं.

"ऑर्लो. काय बोलतोयस तू?"

ऑर्लोनं घसा खाकरला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, कान लाल झाले होते. "मी म्हणतोय, 'माझ्या आईला तार करू नका.'"

म्हातारीनं हॅट काढली, मांडीवर ठेवली, आणि रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि मग तशीच हसायला लागली. "गाढव," ती म्हणाली. "पाय तुटलाय, आणि म्हणे आईला तार करू नका."

सोमवारी त्या बीटच्या शेतावर आल्या. कॅमेऱ्याशेजारी सफरचंदाच्या खोक्यावर बसून त्यांनी ऑर्लोच्या चार फेऱ्या बघितल्या, सकाळी हिरोच्या आणि दुपारी मिशीवाल्याच्या.

"एवढंच?" त्या मला म्हणाल्या. "याच्या बापाचा घोडा बिथरला की दुधाची गाडी याहून जोरात जायची."

शपथ तिथेच बदलण्यात आली, लुब्लिनरांना साक्षीदार उभं करून. चाळिसाच्या वर काटा गेला तर ऑर्लो घरी. लुब्लिनरांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं; जास्त वेगाला पेट्रोल जास्त लागतं, त्यांची हरकत असायचं कारणच नव्हतं. निघताना मिसेस बीमननी तो चोवीस फुटांचा तुकडा माझ्याकडे मागितला. मी तो गुंडाळून त्यांच्याच लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि बजावलं, "चुलीपासून लांब ठेवा हं. लगेच पेटतं हे."

"तळघरात ठेवीन. बीटच्या बरण्यांशेजारी."

मला तो तुकडा पुन्हा छापून आणता आला असता. मी आणला नाही. त्यानंतर ऑर्लो आणखी नऊ सिनेमांत मेला, आणि मी त्याला धुळीशीच कापत राहिले. आमचे सिनेमे फिरत फिरत वर्षभरानं आयोवात पोचायचे, आणि दर वेळी त्यांच्या गावी एखादा लागला की मला एक पोस्टकार्ड यायचं. हवापाणी, गाई, एकदा कुणाचं तरी लग्न. शेवटची ओळ मात्र प्रत्येक कार्डावर तीच असायची.

"शनिवारी ऑर्लो पुन्हा मेला. शेजारची मार्था रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नको, उरलेलं माझ्याकडे आहे."